भिंगरीने गिअर टाकला

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून ते नाव पडलं आणि बाविसावं लागलं तरी सुटलं नाही. वाचनालयात नोकरीला लागली, तर महिन्याभरात तिथेही तेच रूढ झालं. काम मात्र बसूनच करायचं होतं. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवायच्या, फाटलेली पानं चिकटवायची आणि दर शुक्रवारी फिरत्या वाचनालयाच्या व्हॅनमध्ये पुस्तकं भरून द्यायची. ती व्हॅन ड्रायव्हरकाका चालवत. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले आणि व्हॅन मागच्या अंगणात जी उभी राहिली, ती राहिलीच. तीन महिन्यांत चाकांभोवती गवत उगवलं.

अशात एका सोमवारी ग्रंथपालबाई हातात मुख्य कार्यालयाचं पत्र घेऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या त्या जवळजवळ कोसळल्याच.

"महिनाअखेरपर्यंत चालक मिळाला नाही तर व्हॅन विकून टाका म्हणतायत. आता चालक काय मी मातीचा घडवू? तिघं आले होते. तिघांनी आत डोकावलं, गिअरचा दांडा बघितला आणि पाठ फिरवली. हल्ली म्हणे कुणाला सवयच नाही."

"मी चालवते," भिंगरी म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. पण शब्द तोंडातून गेला होता. ड्रायव्हरकाकांबरोबर ती पाच-सहा वेळा टेकडीवरच्या शाळेत गेली होती. तिथली पोरं व्हॅन यायच्या तासभर आधीपासून कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं बसलेली असायची. तिला पत्र ऐकताना ती भिंतच दिसली होती.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला गिअरची गाडी येते?"

"परवाना आहे माझ्याकडे."

हे खरं होतं, पण अर्धंच. परवाना तिनं दादाच्या गाडीवर काढला होता, आणि दादाच्या गाडीला गिअर आपोआप पडत. क्लच नावाची चीज तिनं पायाखाली कधी घेतलीच नव्हती. बाईंना ते कळलं असावं, पण बुडत्या माणसासारख्या त्या काडीला धरून राहिल्या. "वाहन तपासनीस अठ्ठावीस तारखेला येतील. व्हॅन घेऊन टेकडीवर जायचं आणि परत यायचं. बघ बाई."

हातात तीन आठवडे होते. भिंगरी त्याच संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली. तिथला माणूस हसला. "गिअरची गाडी? ती आम्ही केव्हाच मोडीत काढली. आता सगळं आपोआप."

दादानं तर ताटावरच खिल्ली उडवली. "हल्ली गाड्या स्वतःच्या स्वतः पार्किंग करतात, आणि तू दांडा ढकलायला शिकणार? उद्या चूल फुंकायला शिकशील."

"तुला येते का गिअरची गाडी?"

"त्यात काय आहे न येण्यासारखं!" दादा म्हणाला आणि घाईनं विषय बदलला.

आता उरली आत्या. आत्यानं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. तिचा आवाज चाळीस पोरांच्या गोंधळाला पुरून उरायचा आणि घरी दोन माणसांतही ती त्याच पट्टीत बोलायची. मागच्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी केली. तेव्हापासून तिची निळी गाडी शेडमध्ये कापडाखाली झाकून ठेवलेली होती. चार जण विकत मागायला आले, चौघांनाही आत्यानं दारातूनच वाटेला लावलं होतं.

भिंगरीनं सगळं सांगितलं. आत्या काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होती.

"दादाचं ऐकून मध्येच सोडून देणार असशील तर आत्ताच घरी जा."

"नाही सोडणार."

"रडशील."

"रडले तर रडले. गाडी देतेस का नाही ते बोल."

आत्या खूश झाली की डोळे वटारायची, तसे तिनं वटारले. कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली काढून तिनं भिंगरीच्या हातावर आपटली. "घेऊन जा. तुझीच आता. पण गाडीबरोबर मी पण येणार. शेजारच्या सीटवरून मला कुणी उठवायचं नाही."

बॅटरी मेलेली होती आणि दोन टायर बसले होते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं दोन दिवस घेतले, बॉनेट आपटून बंद केलं आणि म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. माणसांचं बघा आता."

पहिल्या दिवशी आत्यानं तिला चपला काढायला लावल्या.

"ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. म्हणजे पाय. नुसता क्लच दाब, पहिला टाक, आणि पाय हळू वर घे. हळू म्हणजे किती? तुला कंटाळा येईल इतका हळू. एका जागी गाडी म्हणेल, चल. ती जागा शोध."

भिंगरीनं पाय वर घेतला. गाडीला उचकी लागली, दोघींच्या माना पुढे गेल्या आणि इंजिन बंद.

"पुन्हा."

पुन्हा उचकी. पुन्हा बंद. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बघत होता. नवव्या वेळी तो ओरडला, "ताई, ढकलून देऊ का?" आत्यानं काच खाली करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुन्हा शर्टाच्या कॉलरकडे वळला.

पंधराव्या की सोळाव्या वेळी भिंगरीच्या तळपायाखाली काहीतरी थरथरलं. इंजिनचा आवाज किंचित खाली बसला, गाडीचं नाक एवढंसं उचललं आणि ती गोगलगाईसारखी पुढे सरकली. भिंगरी किंचाळलीच. आणि किंचाळण्याच्या भरात पाय सुटला, गाडी बंद पडली.

"ओरडायचं काम माझं," आत्या म्हणाली. "पण सापडली ना जागा? आता पायाला ती विसरू देऊ नकोस."

मग रोज सकाळी कामाच्या आधी तास आणि संध्याकाळी तास. दुसरा गिअर लोण्यासारखा पडायचा, तिसऱ्याला मात्र अढी होती. तो जोर केला की अडायचा आणि बोटांनी नुसता सोडला की आपणहून जाऊन बसायचा. आत्या मीटरकडे बघू द्यायची नाही. "गाडी कण्हते आहे, ऐकू येत नाही? खालचा टाक. आता किंचाळते, वरचा टाक. पोराला भूक लागली की आईला घड्याळ बघावं लागतं का?" भिंगरी रात्री अंथरुणावर पडली तरी तिचा डावा पाय आपोआप वरखाली होत राही.

बाराव्या दिवशी चढावर घात झाला. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती थांबली, पुन्हा निघताना ब्रेक सोडला, क्लच चुकला आणि गाडी मागे निघाली. आत्यानं हँडब्रेक खेचेपर्यंत मागच्या बंपरनं कचऱ्याचं पिंप आडवं केलं होतं. कुणाला काही झालं नाही. रस्ताभर भाज्यांची सालं पसरली आणि नेमका दादा तिथून चालला होता.

"वा! व्हॅनमध्ये पुस्तकांऐवजी कचराच ने!" तो पोट धरून हसला.

भिंगरीचा चेहरा पडला. ती खाली उतरली आणि सालं गोळा करता करता तिचे डोळे भरून आले. आत्या काठी टेकत उतरली, तिनं पिंप उभं केलं आणि गाडीचं दार दादासमोर उघडून धरलं.

"बस."

"मी कशाला?"

"त्यात काय आहे न येण्यासारखं, असं म्हणाला होतास म्हणे. बस. वरच्या टाकीपर्यंत ने."

दादाची पळायची वाट बंद झाली होती. तो बसला. चार वेळा गाडी बंद पाडली, पाचव्यांदा वायपर सुरू केले, आणि सहाव्यांदा अशी काही उडी मारली की त्याचाच गॉगल मांडीवर पडला. भिंगरीला हसू फुटलं, आणि ते आवरेना. दादा लालेलाल होऊन उतरला. कान खाजवत म्हणाला, "हे... हे अवघड आहे गं. तू बारा दिवसांत एवढं शिकलीस?"

त्या दिवसापासून दादा रोज संध्याकाळी त्या चढावर येऊन मागची वाहनं थोपवून धरू लागला. "ये, ये, कुणी नाही!" असे हातवारे करत तो रस्त्यात उभा राही. आणि आत्याचं एकच चालू असे. "हँडब्रेक ओढलेला. क्लच त्या जागेवर आण. गाडी पुढे जायला धडपडते आहे असं वाटलं की मग ब्रेक सोड. आधी नाही. घाई कुणाला आहे? मागच्याला आहे. तुला नाही."

अठ्ठावीस तारखेला वाहन तपासनीस आले. बारीक मिशा, छातीला टेकवलेली वही. भिंगरीकडे पाहून ते बाईंना म्हणाले, "चालक कुठे आहे?"

"ही काय," बाई म्हणाल्या.

त्यांनी काही लिहिलं. व्हॅनचं स्टिअरिंग परातीएवढं, गिअरचा दांडा कमरेइतका उंच. आदल्या आठवड्यात आत्या खाली उभी राहून सांगत असताना तिनं अंगणात ती पुढे-मागे करून पाहिली होती, पण रस्त्यावर आज पहिल्यांदाच. आत्याला गुडघ्यामुळे व्हॅनची पायरी चढता येत नव्हती. तिनं फाटकाशी उभं राहून फक्त एवढंच म्हटलं, "ती पण गाडीच आहे."

भिंगरीनं चपला काढून सीटखाली सरकवल्या. तपासनिसांनी ते पाहिलं आणि आणखी काही लिहिलं.

व्हॅन निघाली. मागे बाई पुस्तकांच्या फळ्यांना धरून बसल्या होत्या. बाजाराचा रस्ता, पूल, चौक. भिंगरी गिअर बदलत गेली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की हिचंही कण्हणं तसंच आहे, फक्त आवाज जाड. टेकडीचा रस्ता सुरू झाला. पहिली दोन वळणं तिनं दुसऱ्या गिअरवर काढली. तिसऱ्या वळणावर, जिथे चढ सगळ्यात उभा होता, समोर शेळ्यांचा कळप आला. चाळीस-पन्नास शेळ्या, आणि त्यांचा धनी फोनवर बोलतोय.

थांबावंच लागलं. तिनं हँडब्रेक ओढला. आरशात पाहिलं तर मागे पाण्याचा टँकर, असा चिकटून की त्याच्या चालकाची दाढी मोजता आली असती. एका बाजूला दगडांची भिंत, दुसऱ्या बाजूला घळ. हातभर मागे गेलं तरी संपलं.

"बाप रे," मागून बाई पुटपुटल्या. तपासनिसांची पेन्सिल थांबली.

शेळ्या सावकाश गेल्या. टँकरनं हॉर्न मारला. पुन्हा मारला. भिंगरीचे तळहात ओले झाले, पण पाय कोरडाच होता. घाई मागच्याला आहे, तिनं स्वतःला सांगितलं. पहिला गिअर. क्लच वर, वर, आणखी थोडा. इंजिनचा आवाज खाली बसला. एवढं मोठं धूड तिच्या तळपायाखाली थरथरलं. तिनं जरासा ॲक्सिलरेटर दिला, व्हॅनचं नाक उचललं, आणि मग, त्याआधी नाही, तिनं हँडब्रेक सोडला.

व्हॅन इंचभरही मागे गेली नाही. ती सरळ वर चढली. भिंगरी दुसरा गिअर टाकून वळण पार करून गेली तेव्हा मागे टँकरच बंद पडला होता आणि त्याचा चालक वैतागून किल्ली फिरवत होता.

मग तपासनीस म्हणाले, "कुणी शिकवलं?"

"माझ्या आत्यानं."

"असं." त्यांनी वही मिटून खिशात घातली. अजून अर्धा रस्ता बाकी होता.

शाळेच्या भिंतीवर कुणीच नव्हतं. तीन महिने वाट पाहून पोरांनी बसणं सोडलं होतं. पण व्हॅनचा आवाज ऐकला आणि वर्गाच्या खिडकीत एक डोकं आलं, मग चार, मग सगळी शाळाच दारातून सांडली. गुरुजी "रांगेत, रांगेत!" ओरडत होते आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. एका मुलीनं चालकाच्या खिडकीपाशी येऊन वर पाहिलं. "ताई, तुम्ही चालवत आणली? एवढी मोठी?"

"मीच," भिंगरी म्हणाली आणि अनवाणीच उतरली. तिनं मागचं दार उघडलं, टेबल मांडलं आणि पुस्तकं द्यायला बसली.

तासाभरानं तपासनिसांनी घड्याळ दाखवलं. "मला चारला बैठक आहे. निघू या का?"

भिंगरीनं मान वर केली. टेबलासमोर अजून अकरा पोरं उभी होती आणि शेवटचा एक बारका पोरगा दोन पुस्तकं दोन हातांत धरून कुठलं न्यावं या विचारात बुडाला होता.

"थोडं थांबावं लागेल, साहेब," ती म्हणाली. "माझ्या व्हॅनचं काम अजून संपलेलं नाही."

बाईंनी तोंडाला पदर लावला. तपासनीस मिशीतल्या मिशीत हसले, सावली बघून पायरीवर टेकले, आणि फळीवरचं एक पुस्तक काढून वाचायला लागले.