गडी ऐकत नाही

दीक्षा ऑफिसात आली त्याला आठ महिने झाले होते, आणि आठही महिने बजरंगच्या पोटात दुखत होतं. उगाच खोटं कशाला बोला? पोरगी हुशार होती, हाच तिचा गुन्हा. तिनं प्रिंटरात अडकलेला कागद काढला तरी विश्वंभरसाहेब "वा!" म्हणायचे. बजरंगनं बारा वर्षं एकट्यानं सगळा प्रोग्राम ओढला, त्याला कधी कुणी वा म्हटलं होतं?

प्रोग्राम हळदीच्या काट्यांचा. वसमत, हट्टा, गोरेगाव, जिथं जिथं हळद मापली जाते तिथं काट्याजवळ एक कॉम्प्युटर, आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक मोठा हिंगोलीत. अशा जोडीला इंग्रजीत मास्टर आणि स्लेव्ह म्हणायची रीत. बजरंगनं ती मराठीत आणली : मालक आणि गडी. काट्याचा कॉम्प्युटर अडकला की पडद्यावर लाल अक्षरं यायची, 'गडी ऐकत नाही'. फारच झालं तर, 'गडी मेला. काढून टाकायचा? होय / नाही'. पहिल्यांदा ते वाचून सगळं ऑफिस पोट धरून हसलं होतं. बजरंगच्या वाट्याला आलेलं कौतुक काय ते एवढंच.

आणि सोमवारी हट्ट्याचा काटा दुरुस्त करून आलेली दीक्षा मीटिंगमध्ये म्हणते कशी, "साहेब, हे मालक-गडी बदलायला पाहिजे. बाहेर बदलून राहिले लोक."

"बाहेरच्यांना कामं न्हाईत," बजरंग उसळला. "कॉम्प्युटरला काय मन असतं का? चारशे ओळींत हाय तो शब्द. एक जरी सुटला तरी ऐन हंगामात काटे बंद. मग मोंढ्यात व्यापाऱ्यांच्या शिव्या कोण खाणार?"

बोलणं खोटं नव्हतं. पण खरी कळ निराळीच होती. त्यांच्या कामात प्रत्येक ओळीशेजारी, ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव दिसतं. आज वरपासून खालपर्यंत बजरंग, बजरंग, बजरंग. शब्द बदलले की तिथं दीक्षा, दीक्षा, दीक्षा! बारा वर्षांचं काम आठ महिन्यांच्या पोरीच्या नावावर. नुसत्या विचारानंच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेबांनी डोकं खाजवलं. "लोकांना सवय झाली गं दीक्षा. काहून बदलायचं?"

साहेब आपल्या बाजूला झुकले म्हटल्यावर बजरंगला जोर चढला, आणि जे बोलायला नको ते तो बोलून बसला. "तुझा आजा असंल कुणाच्या वावरात सालगडी, म्हणून टोचून राहिलं तुला. घरचं घरी ठेवावं."

साहेबांनी मान खाली घातली.

"माझे आजोबा पोस्टात होते, सर," दीक्षा म्हणाली. "हट्ट्याच्या काट्यावर कोंडीबा म्हणून एक म्हातारे पोती लावतात. चौदा वर्षं सालगडी होते ते. काटा अडकला की तिथली पोरं वरडतात, 'कोंडीबा, गडी मेला, काढून टाकू का?' अन् सगळे हसतात. कोंडीबाबी हसतात. मी तासभर बसले त्यांच्याजवळ. म्हणले, ज्यानं हा शब्द मशिनीत घातला, त्याला एकदा बघायचं हाय. त्याच वावरात चौदाही वर्षं त्यांच्या जोडीला आणखी एक गडी होते. ज्ञानबा नावाचे."

एवढं बोलून ती थांबली. बजरंगकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

ज्ञानबा बजरंगचा बाप. ज्ञानबाचा पोरगा हिंगोलीत कॉम्प्युटरवर असतो, हेही कोंडीबानं तिला सांगितलं असणार. ऑफिसात त्यानं सांगून ठेवलं होतं, आमचा मेंढरांचा मोठा कारभार. मेंढरं होती, पण ती मागाहून. आधीची चौदा वर्षं त्यानं बारा वर्षांत कुणाला कळू दिली नव्हती. आणि ही पोरगी ती एका तासात घेऊन आली, वर झाकूनही ठेवली!

"बदला," साहेब म्हणाले. "दीक्षा, तूच कर."

शुक्रवारी काम उरकलं. बजरंगनं फायली उघडल्या. मालकाच्या जागी 'मुख्य', गड्याच्या जागी 'काटा'. एक तरी चूक सापडावी म्हणून त्यानं दुपारचा डबासुद्धा उघडला नाही. चूक काही सापडली नाही. शेवटी जीव मुठीत धरून त्यानं शेजारची नावं बघितली.

बजरंग. बजरंग. बजरंग. चारशेच्या चारशे ओळी तिनं त्याच्याच नावावर चढवल्या होत्या.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"प्रोग्राम तुमचा हाय, सर. मी नुसते शब्द बदलले," असं म्हणून ती बॅग उचलून निघूनही गेली. बजरंगला भांडायलासुद्धा काही उरलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. चांगलं वागण्यातही हिनंच पुढं राहायचं!

शनिवारी तो जीपनं गोरेगावला घरी गेला. ज्ञानबा ओट्यावर बसले होते.

"कोंडीबाचा फोन आलता," ते म्हणाले. "त्या मशिनीतून गडी काढला म्हणं. कुणी काढला रं?"

चारशे ओळींवर नाव तर त्याचंच होतं. "मी," बजरंग म्हणाला.

म्हातारा म्हणाला, "अन् घातला कुणी होता?"

बजरंगची मान खाली गेली. "मीच."

"कोंडीबा म्हणला, एक पोरगी आलती. आमी कुठं निजत होतो, काय खात होतो, सगळं इचारलं तिनं. माझंबी इचारलं." ज्ञानबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तू कधी इचारलं न्हाईस."

आठ महिन्यांत जळला नव्हता इतका बजरंग त्या क्षणी जळला. त्याच्या बापाचं आयुष्य, आणि ते तिला आधी कळलं होतं.

"आबा, मी न्हाई काढला," तो म्हणाला. "तिनंच काढला. दीक्षा नाव हाय तिचं."

"ठावं हाय मला. घेऊन ये तिला एकदा. दोघांला संगंच सांगतो."

"न्हाई." बजरंग बापाच्या पायाशी खाली बसला. "तिला मागून सांगा, आबा. आधी मला सांगा."