पत्र्याखालचं जनावर

माझ्या कामाचा आणि माझ्या सासऱ्यांचा छत्तीसचा आकडा. चांगली शिकलेली सून बिनपायांच्या सरड्यांमागे आयुष्य घालवते, हे त्यांना कधी पटलं नाही. तरी मी हट्टाने त्यांच्या भाजीच्या वाफ्यांत पत्रे अंथरले. ऊन लागून पत्रा तापला की सरडे त्याखाली येतात. रोज सकाळी पत्रे उचलून मी ते मोजते.

गेल्या महिन्यापासून हेच सासरे कधीमधी पत्रे उचलू लागले. मी हुरळून गेले आणि सगळं सांगत सुटले. हा साप नव्हे, विष नाही, तुमच्या भाजीवरच्या गोगलगायी खातो, अंडी न घालता पिल्लंच देतो. शेपटीला धरू नका, तुटून हातात राहते, मानेमागे धरा. आणि याला पापणी असते, सापाला नसते. डोळा मिटलेला दिसल्याशिवाय हात घालायचा नाही.

आज त्यांनी शांतपणे हाक मारली. "अगं, तुझा सरडा सापडलाय. लांब चिमटा आण, आणि झाकणाची बादली."

सरड्याला चिमटा कशाला, असं पुटपुटत मी गेले. ते वाफ्यात उकिडवे बसले होते, मुठीत तपकिरी जनावर. तीन हातांवर माझी चार वर्षांची छकुली शेंगा सोलत होती. मी डोळ्याकडे पाहत राहिले. डोळा मिटेना. पापणीच नव्हती. असं मानेमागे धरायला त्यांना मीच शिकवलं होतं.

"छकुले, आजीला शेंगा देऊन ये."

ती रमतगमत गेली. मी बादली सासऱ्यांच्या हाताखाली सरकवली.

"बाबा, मूठ ढिली करू नका. आधी शेपूट बादलीत." मी चिमटा मानेमागे घट्ट बसवला. "आता सोडा."

बोटं आखडली होती, उघडेनात. दुसऱ्या हाताने मी ती एकेक करून सोडवली, जनावर आत ढकललं आणि झाकण दाबून बसवलं.

ते मातीतच बसले. "साप आहे हे कळलं होतं मला. उचलल्यावर कळलं. आधी डोळा बघायचा राहिला."

"मग सरडा का म्हणालात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पोरगी भेदरून माझ्याकडेच धावली असती." त्यांनी घाम पुसला. "म्हटलं, तू येईपर्यंत दम धरायचा. हे काम तुलाच येतं."

मी त्यांचा आखडलेला हात चोळत बसले. मला रडू आवरलं नाही.