हलकी, पण ऐसपैस

पुष्पलताबाई एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत होत्या, त्यातली शेवटची बावीस सूर्यमाळला. त्यामुळे काहीही करायचं म्हटलं की त्या आधी तक्ता आखायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी नर्मदा परिक्रमा पायी करायची ठरवली, तेव्हा जव्हारच्या घरात स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लागला. वस्तू, वजन, शेरा. टॉवेलापुढे शेरा होता, ‘पातळ बघणे’. साबणापुढे, ‘अर्धा’. कंगव्यापुढे बरीच खाडाखोड करून शेवटी लिहिलं होतं, ‘पोशीचा वापरणे’.

पोशी शाळेत खिचडी शिजवायची. बाई बावीस वर्षं शाळेत आल्या आणि पोशी बावीस वर्षं त्यांच्या आधी तासभर आली. बाई उंच, रुंद, आणि आवाज त्याहून मोठा. पोशी वाळक्या शेंगेसारखी. बाईंनी परिक्रमेचं शाळेत जाहीर केलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पोशीने पातेलं घासता घासता विचारलं, “चालायचंच ना? मग मी पन येते. तेवढंच तर येतं मला.”

तक्त्यातली सगळ्यात अवघड ओळ होती स्लीपिंग बॅगची. परिक्रमेत कधी आश्रमात निजायचं, कधी देवळाच्या ओसरीवर, कधी कुणाच्या पडवीत. त्यात पौष-माघाची थंडी, आणि सगळं ओझं आपल्याच पाठीवर. बाईंनी मोबाइलवर तीन आठवडे अभ्यास केला आणि मग पोशीला फोन लावला.

“अर्ध्या किलोपासून अडीच किलोपर्यंत मिळतात.”

“काय?”

“झोपायच्या पिशव्या.”

“पिशवीत घालून आमी खोडाळ्याच्या बाजारात कोंबडी नेतो, बाई.”

“थट्टा पुरे. तू काय घेणार पांघरायला?”

“माझी गोधडी हाय.”

“तीन किलोची आहे ती! मी उचलून बघितलीय.”

“मग? उचलली ना?”

बाईंनी फोन ठेवला आणि सातशे ग्रॅमची एक पिशवी मागवली. फोटोतल्या गोऱ्या बाईला ती अगदी चापून बसली होती. दिवाळीच्या सुट्टीत पिशवी घरी आली. जव्हारपेक्षा सूर्यमाळला गारठा जास्त, म्हणून तिची परीक्षा तिकडेच घ्यायची ठरवून बाई जीपने निघाल्या.

दुपारी पोशीच्या ओट्यावर बाईंनी तांब्याएवढ्या थैलीतून ती पिशवी बाहेर ओढली. ती फुगत फुगत ओटाभर झाली. खांद्याकडे रुंद, पायाकडे निमुळती, वर डोक्याला टोपी.

“आता बघ,” म्हणत बाई आत शिरल्या. पाय गेले. गुडघे गेले. कमरेपाशी जरा चर्चा झाली, पण तीही गेली. मग पोशीने चेन धरली आणि ओढत गळ्यापर्यंत आणली, पण शेवटच्या चार बोटांवर अस्तर चेनीत अडकलं. चेन पुढेही जाईना आणि मागेही येईना.

“बाई, श्वास सोडा.”

“सोडला.”

“आनखी सोडा.”

“आणखी सोडला तर परिक्रमेची गरजच उरणार नाही!”

तेवढ्यात वळणावरून माणसं येताना दिसली. पुढे रूपेश होता. बाईंचा जुना विद्यार्थी, आता गावचा उपसरपंच. कुणीतरी बाईंना जीपमधून उतरताना पाहिलं होतं. बाई परिक्रमेला निघायच्या, मग पुन्हा कधी भेटायच्या, म्हणून तो शाल आणि नारळ घेऊन, वाटेत भेटेल त्याला बरोबर घेत आला होता. चांगली दहा-बारा माणसं होती.

“पोशी, काढ मला बाहेर,” बाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या.

“निघत नाय.”

“फाड!”

“नवं हाय, बाई.”

नवं कापड फाडणं पोशीच्या हातून होण्यासारखं नव्हतं. तिने बाईंना काखेत धरून भिंतीला टेकवून बसवलं आणि स्वतः शेजारी अशी उभी राहिली, जशी काही शिक्षिका रोज दुपारी याच पोशाखात बसतात.

“या रे,” बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. “बसा.”

सगळे बसले. कुणीही हसलं नाही. या आवाजापुढे हसायची सवयच कुणाला नव्हती. रूपेशने शाल बाईंच्या खांद्यांवर, म्हणजे पिशवीच्या खांद्यांवर, नीट पांघरली. नारळ हातात घेऊन मात्र तो थबकला. बाईंचे दोन्ही हात आत होते.

“ओटीत ठेवू का, बाई?”

“ठेव कुठेतरी.”

नारळ पिशवीवरून घरंगळत पायऱ्या उतरून अंगणात गेला. एकाने तो आणून परत ठेवला, तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा पोशीने तो स्वतःकडे घेतला. रूपेशने घसा खाकरला. “बाईंबद्दल मी काय सांगणार? आज मी जो काही आहे... आपल्या पायावर उभं कसं राहायचं, हे आम्हाला बाईंनीच...”

आणि बाई आडव्या झाल्या. सावकाश, डावीकडे, शालीसकट, पोत्यासारख्या.

मग पोशीला हसू फुटलं. ती नारळ पोटाशी धरून खालीच बसली, आणि मग अंगणातलं कुणीच थांबलं नाही. रूपेश तोंड फिरवून रडल्यासारखा हसत होता.

माणसं गेल्यावर पोशीने विळ्याने अस्तर कापून बाईंना मोकळं केलं. पोशीने दिलेला चहा तसाच हातात राहिला.

“मीच रुंद आहे गं,” शेवटी त्या म्हणाल्या. “असल्या वस्तू माझ्यासारखीला नसतात. तीन हजार किलोमीटर चालायला निघालेय, आणि साधं एका पिशवीत मावत नाही.”

पोशीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “शाळेत गनवेश लहान आला, की तुमी काय परत पाठवायच्या? पोराला का गनवेशाला?”

“गणवेशाला.”

“मग?”

बाईंनी चहा प्यायला.

पुढच्या आठवड्यात दोघी नाशिकला गेल्या. बाई जव्हारहून एसटीत बसल्या, पोशी मोखाड्याच्या स्टँडवर चढली. डोंगरात फिरणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान बाईंनी शोधून ठेवलं होतं. दुकानदार गोरख, तिशीतला, सावकाश बोलणारा. बाईंनी त्याच्यापुढे तक्ता उलगडला. त्याने तो आदराने वाचला आणि बाजूला ठेवला.

“मावशी, आधी हे सांगा, तुम्ही झोपता कशा?”

असं बाईंना कुणी कधी विचारलं नव्हतं. “उताणी,” त्या म्हणाल्या. “हात पसरून. अधूनमधून कूस बदलते.”

“आणि या मावशी?”

बाईंनी पोशीकडे पाहिलं. त्यांना सांगता येईना.

“मी दमल्यावर झोपते,” पोशी म्हणाली.

गोरखने फळीवरून एक पिशवी काढली. “ही सगळ्यात हलकी. हिला ममी म्हणतात.”

“कोनाची?” पोशीने विचारलं.

गोरखने मग परदेशातले राजे, ते मेल्यावर त्यांना कापडात कसे गुंडाळायचे, हे सगळं समजावलं. पोशीने मन लावून ऐकलं. “असली आमी कापून बाहेर आलो,” ती म्हणाली. “जिवंतांची दाखवा.”

दुसरी पिशवी रुंद होती, पण दोन किलोंची. तिसरी चौकोनी होती, पायापर्यंत पूर्ण उघडणारी, उघडली की रजईसारखी पसरणारी. गोरखने फळ्यांच्या मधल्या वाटेत चटई टाकली आणि बाई आत शिरल्या. त्यांनी कोपरं पसरली. गुडघे वर घेतले. या कुशीवर झाल्या, त्या कुशीवर झाल्या, आणि पिशवी त्यांच्याबरोबर फिरली नाही, जागच्या जागी राहिली. चेन त्यांनी स्वतः आतून उघडली, स्वतःच लावली, पुन्हा उघडली.

“वजन?” त्यांनी झोपूनच विचारलं.

“सव्वा किलो.”

तक्त्यात मर्यादा एक किलोची होती. बाई छताकडे बघत हिशोब करू लागल्या. “दुसरा टॉवेल काढते. डबा काढते. साबण...”

“साबन राहू दे, बाई,” पोशी म्हणाली. “शेजारी मला झोपायचंय.”

बाई उठल्या आणि त्यांनी पोशीला हाताला धरून चटईवर बसवलं. “नुसती पडून बघ. घे म्हणत नाही.”

“गोधडी हाय म्हनलं ना.”

“पडून बघायला काय जातं?”

पोशीने चपला काढून फळीखाली जोडीने ठेवल्या आणि ती आत सरकली. एका कुशीवर झाली, हात उशाला घेतला.

“कशी वाटते?”

उत्तर आलं नाही.

“पोशी?”

पोशी झोपली होती. दुपारचा एक वाजला होता, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. पहाटे चारला उठून घरच्यांच्या भाकऱ्या थापून तिने पहिली जीप पकडली होती. तिला हलवायला बाईंनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बावीस वर्षांत त्यांनी पोशीला चुलीपाशी पाहिलं होतं, हापशावर पाहिलं होतं, डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन चढण चढताना पाहिलं होतं. आडवी झालेली कधी पाहिली नव्हती. तिच्या कपाळावरची आठी बाईंना तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटायची. आता ती तिथे नव्हती.

“उठवू का?” गोरखने विचारलं.

“खबरदार,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी विक्रीला ठेवलेली घडीची खुर्ची उघडून पोशीच्या उशाशी मांडली.

कॉलेजची दोन मुलं दोर घ्यायला आली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मुलांनी खुणांनीच लांबी सांगितली आणि चवड्यांवर चालत निघून गेली. दोनची गाडीही निघून गेली.

अडीचला पोशीने डोळे उघडले. “जरा डोळा मिटला, बाई.”

“दीड तास मिटला.”

“अगं बाई! उठवायचं ना! आन गाडी?”

“गेली. दुसरी येईल.”

पोशी उठून बसली. तिने अस्तरावरून हात फिरवला, चेन खाली-वर करून पाहिली. “गोधडीपेक्षा हलकी ना?”

“निम्म्याहून.”

तिने पिशवीची घडी घालायला घेतली. “गोधडी जयश्रीला देते मग,” ती म्हणाली. जयश्री तिची सून. “तिला पन थंडी वाजते.”

कार्तिक संपता संपता दोघी ओंकारेश्वरहून निघाल्या आणि चार महिने एकोणीस दिवसांनी परत तिथे पोचल्या. बाईंचे गुडघे दोनदा सुजले, पोशीच्या चपलांचे तीन जोड झिजले. बाईंनी वाटेतल्या प्रत्येक शाळेत डोकावून फळ्यावरच्या चुका काढल्या. एका धर्मशाळेत बाईंच्या घोरण्यामुळे एक साधू आपलं अंथरूण उचलून नदीकाठी गेला, आणि पोशीने तो प्रसंग पुढच्या प्रत्येक मुक्कामी, हिंदी येत नसताना, हिंदीत सांगितला.

माघात त्या अमरकंटकला होत्या. तिथला गारवा सूर्यमाळच्या वरताण. धर्मशाळेत पंधरा-वीस माणसं ओळीने निजलेली. पहाटे बाईंना जाग आली ती शेजारच्या पिशवीतून येणाऱ्या खुसखुशीने.

“काय झालं गं?”

“काय नाय.”

“हसतेस कशाला मग?”

“पाय पसरले,” पोशी कुजबुजली. “पसरतच गेले. कुठं कोनाला लागलेच नाय.”

बाईंनी आपली चेन आतून गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाल्या, “झोप आता. साडेपाचला निघायचंय.”

“पावनेसहा झाले, बाई.”