पेजेचा बाप्तिस्मा

"आमच्या उर्सूबाईंचं काय सांगू, पाद्रीबाबा," नतालीन म्हणाली आणि तिनं पाद्रीबाबांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "दुष्काळात सख्खा भाऊ भावाला ओळख देईना. पण यांनी टाकून दिलेलं एकही पोर दारातून परत नाही लावलं. पोरं जगली नाहीत, ते जाऊ दे. पण बाप्तिस्मासुद्धा पेजेनं दिला यांनी! डोक्यावर घातलेली पेज ओघळून ओठाशी यायची आणि पोर ती चाटायचं. चाटत चाटत गेली बिचारी."

पाद्रीबाबांचा हात ताटातच थांबला.

"कशानं दिला?"

"पेजेनं," नतालीन म्हणाली आणि तिनं कौतुकानं उर्सूबाईकडे पाहिलं.

उर्सूबाई भिंतीशी उभी होती. पाद्री गोव्याहून यायचे ते वर्षातून एकदा, त्यामुळे त्यांचं जेवण जमादाराच्या घरी. नतालीन जमादाराची बायको. वस्तीतल्या बाकीच्या बायका ओसरीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. पेशव्यांच्या तोफखान्यातल्या ख्रिस्ती गोलंदाजांची ही वस्ती पुणे शहराच्या पूर्व अंगाला, नागझरीच्या ओढ्यापलीकडे होती. कुणी वसईकडचं, कुणी गोव्याकडचं. मधोमध छपराचं देऊळ होतं. त्यालाही ते देऊळच म्हणत. देवळामागे मातीच्या कुसवाच्या आत दफनाची जागा.

"उर्सूबाई, हे खरं?"

"खरं आहे, बाबा."

"घरात पाणी नव्हतं?"

"होतं की. नागझरीचं. तिच्यात माणसं सडत होती. नळाच्या हौदावर आमची घागर चालत नाही. तिथला शिपाई म्हणायचा, तुमच्या तोफा चालतात आम्हाला, घागरी नाही."

"मग उकळून घ्यायचं."

"उकळतच होते. पण दोनदा जाळायला सरपण कुठलं? दिवसाला एक मडकं चढायचं, त्यात मूठभर कण्या पडायच्या. उकळलेलं पाणी म्हणजे तेवढंच."

पाद्रीबाबा तरुण होते. काही नीट समजून घ्यायचं असलं की डोळे बारीक करायची त्यांना सवय होती. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"पातळ होती का? बोट बुडवलं तर बोटाला चिकटायची?"

"चिकटायची. नाही चिकटली तर तिला पेज कोण म्हणेल?"

ओसरीवर कुणीतरी हसलं. पाद्रीबाबा हसले नाहीत. त्यांनी शांतपणे, मुलांना शिकवावं तसं समजावून सांगितलं. बाप्तिस्मा पाण्यानंच होतो. विहिरीचं, नदीचं, समुद्राचं, अगदी गढूळसुद्धा चालतं. दूध चालत नाही, तेल चालत नाही, पेज चालत नाही. शब्द बरोबर असतील, मन चांगलं असेल, पण पाणी नसेल तर बाप्तिस्मा झालेलाच नसतो. आणि ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याला आशीर्वादाच्या जमिनीत पुरता येत नाही.

"पुरलंय की," एक बाई म्हणाली.

"म्हणून तर विचारतोय. किती?"

"त्या उन्हाळ्यात पाच," उर्सूबाई म्हणाली. "आधीची आणि नंतरची सगळी पाण्यानं."

"पाचही पेजेनं?"

उर्सूबाईनं तोंड उघडलं आणि तिची नजर नतालीनवर गेली. नतालीनच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती. बोलताना तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या पाचांतलं एक पोर तिचं होतं. मार्था.

"आठवून सांगते," उर्सूबाई म्हणाली.

"उद्या देवळात मिस्सेनंतर सांगा. क्रुसावर हात ठेवून. आणि त्या वेळी कोण कोण हजर होतं तेही सांगा. त्यांनाही एकेकीला विचारीन." मग ते म्हणाले, "देव दयाळू आहे, उर्सूबाई. पण ही जमीन माझ्या ताब्यात आहे, आणि तिचे नियम मी केलेले नाहीत."

उर्सूबाईचा नवरा इनास हडपसरच्या माळावर मेला. होळकराची फौज पुण्यावर आली त्या लढाईत त्याचीच तोफ फुटली. शत्रूच्या गोळ्यानं मेलेल्यांच्या बायकांना सरकारातून काहीबाही मिळालं. तोफ फुटून मेला तो स्वतःच्या चुकीनं मेला, असं कारकून म्हणाला. उर्सूबाई नवऱ्याचं प्रेत शोधायला माळावर गेली ती तिघा जखमींना पाणी पाजून, बरोबर घेऊन परतली. तिघंही वाटेतच गेले. तिथून तिला हे काम लागलं. आजाऱ्यापाशी बसायचं, बाळंतिणीला धरायचं, मेलेल्याला अंघोळ घालून कापडात गुंडाळायचं, संध्याकाळी बायकांना गोळा करून प्रार्थना म्हणायची. हळूहळू आणखी बायका तिच्याबरोबर येऊ लागल्या. वस्तीत त्याला उर्सूबाईचा मेळ म्हणू लागले. कुणी काही देत नसे. कुणी मागतही नसे.

आधीचे म्हातारे पाद्री एकदा तिला म्हणाले होते, पोर मरणाला टेकलं आणि पाद्री जवळ नसला, तर बाईसुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते. उर्सूबाईनं ते दोनदा विचारून घेतलं होतं. विधवासुद्धा? विधवासुद्धा. लिहिता-वाचता न येणारीसुद्धा? तीसुद्धा. तोवर जगानं तिला काय काय करता येत नाही तेवढंच सांगितलं होतं. हौदाला शिवता येत नाही. नवऱ्याचा तनखा मागता येत नाही. पुण्यात पालखी समोरून आली तर रस्त्यावर उभं राहता येत नाही. आणि इथं कुणीतरी सांगत होतं, तुझ्या हातानं स्वर्गाचं दार उघडतं. त्या दिवसापासून ती स्वतःचे हात जास्त वेळ धुऊ लागली.

दुष्काळात गावोगावची माणसं पुण्यात लोटली. बायका रात्री पोरं सोडून जात. कुसवापाशी सोडलेलं पोर ती फिरंगी बाई उचलते, हे कसं कोण जाणे, सगळीकडे कळलं होतं. त्या उन्हाळ्यात चार पोरं सापडली. चौघांना तिनं नावं दिली, कारण नाव असल्याशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही. चौघंही तिच्याच मांडीवर गेली. पाचवी मार्था. दूध आटलेल्या आईची.

संध्याकाळी नतालीन तिला नागझरीवर गाठायला आली. उर्सूबाई तिथं घागर भरत होती.

"चुकलं माझं, बाय. मला काय ठाऊक? मी तर तुमचं कौतुक करत होते."

"माहीत आहे."

"उद्या सांगा, सगळ्यांना पाण्यानं दिला म्हणून. झालं गेलं."

"तूच सांगितलंस ना पेजेनं दिला म्हणून? आता सगळं पाणी झालं असं म्हटलं तर ते एकेकीला बोलावतील. मोनीबाय होती, सरपणवाली रेजिना होती. सगळ्यांना क्रुसावर हात ठेवून खोटं बोलायला लावू?"

नतालीन हळूच म्हणाली, "मार्थाच्या वेळी कुणी नव्हतं. तुम्ही आणि मी. आणि मला शुद्ध नव्हती."

"होती शुद्ध. तू मडकं धरलं होतंस."

"मला शुद्ध नव्हती," नतालीन पुन्हा म्हणाली. या वेळी तिचा आवाज वेगळाच होता.

उर्सूबाईनं घागर खाली ठेवली.

"आणि ती चार?"

"ती चार कोण? त्यांना रडणारं कोण आहे? कुणाची होती ते देवाला तरी ठाऊक आहे का?"

"देवाला ठाऊक नसेल तर आपण रोज संध्याकाळी कुणाला हाका मारतो, नतालीन?"

"मला शिकवू नका!" नतालीन रडत नव्हती. रडली असती तर उर्सूबाईला सोपं गेलं असतं. "माझी एकच झाली. परत होणार नाही असं सुईण म्हणाली. मी रोज तिथं जाते. उद्या तिला उकरून कुत्र्यामांजरासारखी बाहेर टाकली, तर मी त्याच खड्ड्यात पडेन. आणि तुम्ही ज्या झोपडीत राहता ना, ती आमच्या ह्यांच्या शब्दावर आहे, एवढं लक्षात असू द्या."

झोपडीचं बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली असावी. ती वळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली. बायका डोकी झाकून बसून राहिल्या. पाद्रीबाबांनी वेदीवरचा लाकडी क्रूस उचलून दोन्ही हातांत धरला. उर्सूबाईनं त्यावर हात ठेवला. तिच्या हाताला राखेचा वास येत होता. सकाळी तिनं तो राखेनं घासला होता.

"बोला."

"कुसवापाशी सापडलेली चार. त्यांना पेजेनं दिला."

"आणि पाचवी?"

लाकूड गार होतं. आत्तापर्यंत तिच्याजवळ आपलं म्हणावं असं एकच होतं: देवासमोर ती खोटं बोलली नव्हती. नवरा गेला, घर गेलं, तरी हे होतं. आणि ते देऊन टाकायचं तर निदान पाचांसाठी द्यावं, असं तिला वाटलं. एकीसाठी दिलं तर चौघांना काय सांगायचं? पण पाचांसाठी दिलं तर साक्षीला असलेल्या बायकांनाही ते द्यावं लागणार होतं, आणि त्यांच्याजवळही दुसरं काही नव्हतं.

"मार्थाला पाण्यानं दिला."

"नक्की?"

"नक्की."

पाद्रीबाबांनी नतालीनकडे पाहिलं. "तुम्ही होता तिथं?"

"मला शुद्ध नव्हती, बाबा."

त्यांनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला की नाही, हे उर्सूबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी क्रूस जागेवर ठेवला आणि निकाल सांगितला. मार्था राहील. बाकीची चार कुसवाबाहेर हलवायची, आजच, ते निघायच्या आत. उर्सूबाईचा हेतू वाईट नव्हता, म्हणून शिक्षा नाही. पण इथून पुढे गरज पडली तर बाप्तिस्मा जमादाराच्या घरच्या बाई देतील, पाण्यानं, दोन साक्षीदार ठेवून. मेळही त्याच चालवतील.

"मी काय करू?" उर्सूबाईनं विचारलं.

"प्रेतांना अंघोळ घालायला पाणीच लागतं," पाद्रीबाबा म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. गोव्याकडच्या माणसाला आपलं बोलणं पुण्यात कसं ऐकू येतं ते ठाऊक नसतं. "ते तुम्ही करत राहा."

मग त्यांनी तिला मायेनं सांगितलं, "मी आता पुढच्या वर्षीच येईन. पापांची कबुली देऊन घ्या. प्रसाद घ्या."

कबुली द्यायची तर पस्तावा हवा. तिनं मनात शोधून पाहिला. चौघांबद्दल होता, पोटभर होता. मार्थाबद्दल नव्हता.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली.

"माणसाच्या आयुष्याचा भरवसा नसतो, उर्सूबाई."

"ते मला ठाऊक आहे, बाबा."

दुपारच्या उन्हात गेनबा कुदळ घेऊन आला. वस्तीतले खड्डे तोच खणायचा. कुसवाच्या सावलीत बायका उभ्या राहिल्या. बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या पोराला हात लावला तर बाळंतिणीला बाधतं, असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून एकही पुढे आली नाही. काल संध्याकाळपर्यंत याच बायका तिच्याबरोबर ताप आलेल्यांची ओकारी धूत होत्या.

पहिल्या खड्ड्यात थोडी हाडं निघाली. उर्सूबाईनं ती धुतलेल्या फडक्यात बांधली. दुसऱ्यात आणि तिसऱ्यातही काही ना काही सापडलं. ती एकेक घेऊन कुसवाच्या खिंडारातून बाहेर गेली आणि बाभळीखाली ठेवून आली.

"तिकडं नको," नतालीन आतून म्हणाली. मार्थाच्या मातीच्या उंचवट्यापाशी ती पाय रोवून उभी होती. "तिथं आमच्या बायका धुणं वाळत घालतात."

"मग कुठं?"

"लांब. ओढ्याच्या अंगाला. आणि जरा आवरा, पाद्रीबाबांना निघायचंय."

उर्सूबाईनं तिच्याकडे पाहिलं. नतालीननं नजर चुकवली नाही. एकदा चुकवली असती तर पुढे कधी वर करता आली नसती, हे दोघींनाही कळत होतं. उर्सूबाईनं तिन्ही गाठोडी उचलली आणि ओढ्याच्या अंगाला नेऊन ठेवली.

ती परत आली तेव्हा गेनबा चौथ्या खड्ड्यात कमरेइतका उतरला होता.

"बाई, हितं काय बी न्हाय."

"नीट बघ."

"बघितलं की. लई बारकं असंल. काळ्या मातीनं खाल्लं. एवढ्याशा हाडाचं काय ऱ्हातंय?"

"त्याला जन्मून तीनच दिवस झाले होते," ती म्हणाली. "नाव तोमास."

गेनबानं कपाळाचा घाम पुसला. "मग बुजवू का? कोण इचारतंय? काढलं म्हनून सांगा."

कुसवापाशी पाद्रीबाबांचं तट्टू आणून उभं केलं होतं. ते पाहत होते. नतालीन पाहत होती. सगळ्या बायका पाहत होत्या.

"एकदा खोटं सांगितलं तेवढं पुरे," उर्सूबाई गेनबाला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाली. त्याला काही कळलं नाही.

ती खड्ड्याच्या कडेला बसली. पदर पसरला. "तळाची दे. जिथं ठेवला होता तिथली."

गेनबानं ओंजळीनं माती दिली. तिनं ती पदरात घेतली, वरचे खडे वेचून टाकले आणि पदर दोन्ही बाजूंनी गुंडाळला. मग एक हात खाली घालून आणि दुसरा तळवा एका टोकाला, तान्ह्याची मान सावरावी तसा धरून ती उठली, आणि माती सांडू नये म्हणून अगदी हळू चालत खिंडाराबाहेर गेली.