आखूड छापलेला नकाशा

मित्रांनो, आधीच सांगते, मी एक जुनी तीनधारी मोजपट्टी आहे आणि मोडकी आहे. माझा एक कोपरा उडालाय. 'मित्रांनो' म्हणते ते तशी रीत आहे म्हणून. नाहीतर मी हाताला लागले की तुम्ही आधी माझी तलवार करणार आणि मग शेजारच्याच्या पाठीत हाणणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा हात लांब ठेवा आणि ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या लांब कांडीतून मला कापलं, तीन बाजूंनी तासलं आणि कडांवर बारीक रेघा कोरल्या. तिथला कारागीर डोळ्याला भिंग लावून एकेक रेघ तपासायचा. जिची एक रेघ जरी सरकलेली दिसली, तिला तो सरळ टोपलीत भिरकावायचा. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या कितीतरी बहिणी त्या टोपलीत गेल्या. मी राहिले. म्हणून मला कुणी खोटी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि मला खोटी म्हटलं गेलंय. तीच तर गोष्ट आहे.

मी काय काम करते ते ऐका. अख्खं घर कागदावर मावत नाही, म्हणून ते लहान करून काढतात. जमिनीवरचा एक मीटर कागदावर एक सेंटिमीटर होतो. अशा नकाशावर मला ठेवलं की खरं घर केवढं आहे ते मी सांगते. माझी नेमणूक झाली ती शहराच्या बांधकाम परवानगी कार्यालयात. तिथे लांबच लांब खोली, कोपऱ्यात गठ्ठ्यांनी वाकलेली कपाटं आणि दारापाशी काच लावलेली खिडकी. ज्याला घर बांधायचं, खोली वाढवायची, त्याने नकाशा घेऊन त्या खिडकीपुढे उभं राहायचं. मग नकाशा या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. कुणी पाया आणि खांब बघतो, कुणी सांडपाणी कुठे जातं ते बघतो, आणि आमच्या टेबलावर बघायचं ते असं, की शेजाऱ्याच्या भिंतीपासून पुरेसं अंतर सोडलंय का, खोल्या फार अरुंद नाहीत ना, दारं पुरेशी रुंद आहेत का. चुकलं असेल तिथे लाल शाईने 'त्रुटी' असं लिहायचं आणि नकाशा परत पाठवायचा. सगळ्या टेबलांचं समाधान झालं की शिक्का बसतो. काम चांगलं आहे. ते नसतं तर लोकांनी एकमेकांच्या खिडक्यांत भिंती बांधल्या असत्या.

पण आमच्या टेबलावर बसायचे ते साहेब! सगळं कार्यालय त्यांना पाठीमागे 'त्रुटीसाहेब' म्हणायचं. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. नकाशावर लिहिलेल्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आकडा काय, कुणीही लिहील, पण रेघ खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते प्रत्येक भिंत मला लावून मोजायचे. तोपर्यंत मला त्यांचा अभिमानच वाटायचा. 'माझी पट्टी' म्हणायचे ते मला, आणि दुपारी मऊ फडक्याने पुसून डब्यात ठेवायचे. त्यांची एक खोड मात्र मला तेव्हाही आवडत नव्हती. एक चूक सापडली की ते नकाशा मिटायचे. पुढचं बघायचेच नाहीत. बिचारा माणूस ती चूक सुधारून, पुन्हा रांगेत उभा राहून आला, की साहेब दुसरी काढायचे. एकदम सगळ्या सांगितल्या तर लोक मन लावून काम करत नाहीत म्हणे.

एके दिवशी खिडकीशी शाळेची बस चालवणाऱ्या बाई आल्या. अंगावर खाकी कोट, आवाज असा की मागच्या सीटवरचं पोर जागच्या जागी बसावं. त्यांना घरामागे तळमजल्यावर एकच खोली वाढवायची होती. त्यांची आई वरच्या मजल्यावर राहायची. पडल्यापासून तिला जिना उतरता येत नव्हता, आणि आता तर चाकांच्या खुर्चीशिवाय हलता येत नव्हतं. बाईंचा थोरला भाऊ रोज फोनवरून तोंड वाजवायचा, की तू आईला वर कोंडून ठेवलीयस, हिवाळा संपेपर्यंत खाली खोली झाली नाही तर मी तिला वृद्धांच्या संस्थेत ठेवणार. आई मात्र दोघांनाही एकच सांगायची, मला माझ्या घरातून हलवू नका. हे सगळं बाईंनी खिडकीतून साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, गोष्टी नकोत, नकाशा द्या.

नकाशा बाईंच्या ओळखीच्या ड्राफ्ट्समनने काढला होता. शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर दीड मीटर हवं, त्याने दीड लिहिलं होतं. साहेबांनी मला लावलं. मी दीडला दहा सेंटिमीटर कमी दाखवले. मी काय करणार? जे समोर होतं ते सांगितलं. साहेब खूश झाले. लिहिलंय दीड आणि काढलंय कमी, म्हणजे लबाडी. लाल शाई, नकाशा परत.

ड्राफ्ट्समनने हात आपटले. मी दीडच काढलंय, तुझ्या साहेबालाच काहीतरी खुपतंय, असं तो बाईंना म्हणाला. तरी त्याने खोलीची भिंत आत घेतली आणि नकाशा पुन्हा आणला. आता अंतर बरोबर भरलं, पण खोलीची रुंदी कमी पडली. परत. त्याने दुसऱ्या बाजूने जुन्या घरातली जागा घेऊन खोली रुंद केली. आता खोली भरली, पण दार अरुंद निघालं. चाकांची खुर्ची जायला नव्वद सेंटिमीटर हवं आणि मी दाखवत होते पंच्याऐंशी. धुतल्यावर आटलेला सदरा असतो ना, खांद्यावर ओढला की पोटावर तोकडा, तसं चाललं होतं. दर खेपेला आठवडेच्या आठवडे रांगेत जायचे. इकडे हिवाळा सरत आला होता.

तिसऱ्या वेळी बाई खिडकीवर थांबल्याच नाहीत. दार ढकलून सरळ टेबलापाशी आल्या. साहेब लाल शाईने दाराला गोल करतच होते.

"रविवारी भाऊ गाडी घेऊन येतोय," बाई म्हणाल्या. "आईला न्यायला. दाराखाली नव्वद लिहिलंय, दिसत नाही का तुम्हाला?"

"लिहिलेलं मी बघत नाही," साहेब म्हणाले. "पट्टी पंच्याऐंशी सांगते."

"मग तुमची पट्टीच खोटी आहे."

आणि त्यांनी मला साहेबांच्या हातातून हिसकावलं आणि फरशीवर आपटलं. कोपरा उडाला. नेमका शून्याचा कोपरा. सगळं कार्यालय माना वळवून बघू लागलं. मित्रांनो, दुखलं त्यापेक्षा जास्त झोंबलं. मी, त्या टोपलीतून वाचलेली मी, खोटी? साहेबांनाही ते झोंबलं असावं. रागाने लाल होत त्यांनी मला उचललं आणि म्हणाले, खोटी कोण आहे ते आत्ता सगळ्यांसमोर दाखवतो.

तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात नकाशाखाली काळे-पांढरे चौकोन असलेली एक आडवी रेघ असते ना, तशी प्रत्येक बांधकामाच्या नकाशाच्या कोपऱ्यात छापावीच लागते. ही रेघ म्हणजे दहा मीटर, असं तिच्याखाली लिहिलेलं असतं. नकाशा नीट मापात छापलाय का हे कळावं म्हणून ती असते. ती छापली आहे की नाही हे साहेब न चुकता बघायचे. मोजली मात्र आजवर कधीच नव्हती. आता बाईंना तोंडावर पाडायला म्हणून त्यांनी मला त्या रेघेवर ठेवलं. शून्य तुटलं होतं, म्हणून एकच्या खुणेपासून लावलं आणि तिथून पुढे मोजलं.

मी दहा दाखवायला हवे होते. मी साडेनऊही धड दाखवले नाहीत.

साहेबांनी मला पुन्हा लावलं. मग शेजारच्या टेबलावरची नवी पट्टी मागवली. तिनेही तेच सांगितलं. मी खरी होते, आकडा खरा होता, बाईही खऱ्या होत्या. कागद आखूड छापलेला होता. ड्राफ्ट्समन ज्या दुकानातून छापून आणायचा, तिथलं यंत्र नकाशाची चौकट कापली जाऊ नये म्हणून सगळंच थोडं थोडं लहान करत होतं. त्याला पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं, त्याने छापलेला कागद कधी मोजलाच नाही. दार पहिल्या दिवसापासून नव्वद होतं. अंतर पहिल्या दिवसापासून दीड होतं. आणि याआधी असे कुणाकुणाचे नकाशे आम्ही परत पाठवले असतील, याचा तर विचारही नको.

आता ऐका, माझा खरा राग कशावर आहे ते. चूक कळली त्या क्षणी साहेबांना एवढंच म्हणता आलं असतं, की बाई, माझं चुकलं, तासाभरात नीट छापून आणा, मी बसलोय. त्यांना सगळं कळलं होतं. माझ्यावरची त्यांची बोटं घामाने ओली झाली होती. पण आजूबाजूला सगळे बघत होते ना!

"नकाशा मापात छापलेला नाही," ते म्हणाले. "ही वेगळी त्रुटी. नव्याने दाखल करा. रांगेत."

"आज आणून दिला तर?"

"रांगेत."

आणि मला, त्यांच्या लाडक्या पट्टीला, त्यांनी टेबलाखालच्या केराच्या टोपलीत टाकलं. कारखान्यातल्या टोपलीतून वाचले आणि शेवटी या टोपलीत आले. इतकी वर्षं खरं सांगितलं त्याचं हे बक्षीस. बाई रडल्या नाहीत. मग खाली वाकल्या, मला उचललं, कोटाच्या खिशात घातलं आणि निघून गेल्या.

मला वाटलं, आता ही मला चुलीत घालणार. पण बाई तडक छपाईच्या दुकानात गेल्या. कागद यंत्रातून बाहेर आला की त्या मला त्या रेघेवर लावायच्या, आणि दहाला दहा भरेना की कागद दुकानदारापुढे सरकवायच्या. दुकानदार वैतागला, ड्राफ्ट्समन ओशाळला. शेवटी रेघ दहाला टेकली तेव्हाच त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. एवढं मन लावून मला कुणीच कधी वापरलं नव्हतं. बाईंवरचा राग माझ्या मनातून तिथेच गेला. माझ्याकडे राग ठेवायला जागा थोडी आहे, आणि ती साहेबांनी व्यापली होती.

नकाशा पुन्हा रांगेत लागला. रविवारी भाऊ आला. त्याने आणि त्याच्या मित्राने आईला खुर्चीसकट उचलून जिन्याने खाली आणलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याचा धीर संपला होता. आई जिन्याचा कठडा धरून ठेवत होती. बाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. मी कोटाच्या खिशात होते. मला ते बघावं लागलं.

परवानगी आली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. या खेपेला नकाशावर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. बाईंनी खोली बांधली. पावसाळा संपता संपता भावाने स्वतः आईला गाडीतून आणून सोडलं आणि जाताना बहिणीशी दोन शब्द बरे बोलला. चाकांची खुर्ची दारातून आत गेली, दोन्ही बाजूंना हाताचा पंजा मावेल एवढी जागा सोडून. कागदावर मी त्या दाराला कितीदा चिकटले होते, पण दार म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मी आता आईच्या उशाशी असते. ती माझ्याने पाठ खाजवते. काही हवं असलं की पलंगाच्या दांड्यावर मला ठोकते आणि बाई येतात. पण आई रोज संध्याकाळी एकच विचारते, आपण घरी कधी जायचं? ही खोली तिने बांधताना पाहिलेली नाही. वरची खिडकी, वरचं कपाट, जिन्याचा कठडा, ते तिचं घर. मध्ये ती इतके महिने दुसरीकडे राहिली, की आता हीही तिला संस्थेचीच खोली वाटते. बाई रोज सांगतात, आलोय आई, हेच घर. आई मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

बांधकाम झालं की शेवटची तपासणी असते. नकाशाप्रमाणे बांधलंय की नाही ते बघायला कार्यालयातून माणूस येतो. आले ते त्रुटीसाहेबच. बाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "दार मोजा," एवढंच म्हणाल्या. साहेबांनी टेप काढून दार मोजलं, बाहेरचं अंतर मोजलं, खोली मोजली. सगळं भरलं. 'त्रुटी नाही' असं लिहून त्यांनी वर पाहिलं, तेव्हा आईच्या हातात मी होते. कोपरा उडालेली. त्यांनी मला ओळखलं. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

आईने त्यांची फाईल पाहिली, गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं. तिला ते संस्थेचे साहेब वाटले.

"साहेब," ती म्हणाली, "मला घरी कधी सोडणार?"

बाई भिंतीला टेकून साहेबांकडे बघत राहिल्या. त्यांनी मदत केली नाही. साहेब खाली वाकले आणि म्हणाले, "आजी, हे तुमचंच घर आहे."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तिथे पण सगळे असंच म्हणायचे," ती म्हणाली, आणि मला दांड्यावर ठोकून तिने लेकीला बोलावलं. लेक दोन पावलांवरच उभी होती.

साहेब गेले. जाताना उंबऱ्यात घुटमळले, बाईंकडे तोंड करून काहीतरी म्हणायला ओठ उघडले, आणि न म्हणताच गेले.

तर मित्रांनो, मला जपा, पुसून ठेवा, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही ते करणार नाही हे मला माहीत आहे. एवढंच करा. कुणाला खोटं ठरवण्याआधी कोपऱ्यातली ती रेघ मोजा. आणि चूक आपली निघाली तर ती तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर तोंडाने म्हणा. रांगेत लावू नका. आता जाते. आई ठोकतेय.