बिशपच्या भिंतीवरची वाळू

प्रल्हाद सर मला कधीच आवडले नाहीत. पण जुनी भित्तिचित्रं वाचवण्याचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले, त्यामुळे हे तोंडावर सांगायची सोय नव्हती. शनिवारी सकाळी त्यांचा मेसेज आला, ‘पोहे खायला ये, सरप्राइज आहे.’ या माणसाच्या सरप्राइजची किंमत नेहमी दुसऱ्याला मोजावी लागते. तरी मी गाडी काढली आणि श्रूजबरीला गेले.

इथे अमेरिकेत सकाळचे साडेआठ वाजले होते. त्यांच्या बायकोने, रेणूकाकूंनी, दार उघडलं. सर डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते.

“बघ आश्लेषा, झालं की नाही काम?”

स्क्रीनवर आमची भिंत होती. उघडी.

कुठली भिंत, ते सांगते. उत्तर सुदानमध्ये नाईलच्या काठी नऊशे वर्षांपूर्वीचं एक चर्च आहे, अर्धंअधिक वाळूत बुडालेलं. त्याच्या एका भिंतीवर नुबियन बिशप उभा आहे. सावळा, टपोऱ्या डोळ्यांचा, झग्यावर तांबड्या चौकटी. सात हिवाळे मी त्याच्यापुढे गुडघे टेकून सुटलेला रंग सुईने चिकटवत होते. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे मी इतकं निरखून कधी पाहिलेलं नाही. सीझन संपला की आमच्यात चित्र उघडं सोडत नाहीत. पुढे कापड लावून चाळलेल्या वाळूने भिंत परत पुरून टाकतात. शेवटची पुरली आणि दोनच महिन्यांत तिकडे युद्ध सुरू झालं. त्यानंतर आमच्यापैकी कोणी गेलेलं नाही. तिथे आहे तो फक्त इद्रिस, चर्चचा राखणदार. सत्तरीचा आहे.

शेजारच्या शेतांचं पाणी झिरपून ती भिंत आतून दमट राहते, आणि त्या ओलीत मीठ असतं. वाळूखाली ते गप्प असतं. कोरडा वारा लागला की ओल बाहेर धावते, मीठ रंगाच्या मागे फुलतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून भिंत उघडायची ती आडोसा करून, रोज थोडी थोडी. सरांना मात्र बिशपच्या पायाशी लिहिलेल्या एका ओळीचा फोटो पुस्तकासाठी हवा होता. शेवटच्या सीझनला तो धड काढला नाही, तोही त्यांनीच. मी तीनदा नाही म्हटलं. इद्रिसनेही त्यांना साफ सांगितलं होतं, डॉक्टरबाईंच्या, म्हणजे माझ्या, आवाजात निरोप आल्याशिवाय मी वाळूला हात लावणार नाही.

“इद्रिस तयार कसा झाला?” मी विचारलं.

सरांनी टेबलावरचा प्रोजेक्टचा फोन उचलला. सुदानमध्ये असताना मीच तो वापरायचे. इद्रिसच्या लेखी तो माझाच नंबर. त्यांनी एक व्हॉइस मेसेज लावला. माझा आवाज, शेवटच्या सीझनच्या सुरुवातीचा: इद्रिस, भिंत उघडायला घ्या.

“जुन्या चॅटमध्ये पडला होता. काल रात्री फॉरवर्ड केला, बस्स. फोटोही याच फोनवर आला. अगं, एका फोटोचा तर प्रश्न होता!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “किती वेळ झाला उघडून?”

“दोन तास असतील. तिकडे आता अडीच.”

म्हणजे भर दुपारच्या वाऱ्यात. मी फोटो मोठा केला. बिशपच्या डाव्या गालावर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसत होतं.

“तुम्ही मारलंत त्याला.”

“ड्रामा नको. तुम्हा कॉन्झर्व्हेटर लोकांना सगळीकडे प्रलयच दिसतो. ती ओळ वाचता येतेय, त्याचं नाव जगाला कळेल.”

“नाव कळेल आणि तोंड जाईल! लाज नाही वाटत तुम्हाला?”

“आवाज खाली. माझ्या घरात उभी आहेस.”

“फोन लाव गं आधी,” रेणूकाकू किचनमधून ओरडल्या. “ह्यांच्याशी नंतर भांड.”

तिसऱ्यांदा फोन लागला. फोटो बघत सूचना द्यायच्या, म्हणून मी स्पीकर चालू केला. आम्ही अरबीत बोलत होतो; सरांना ती माझ्यापेक्षा बरी येते.

“डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तसं उघडलं,” इद्रिसचा आवाज कापत होता. “पण रंग गळतोय. तुम्हीच सांगितलं होतंत ना?”

नाही, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण तो आवाज खोटा म्हटला, तर हा तरी खरा कशावरून? त्याने फोन बंद केला असता, आणि बरोबरच केलं असतं. पुढचा अर्धा तास त्याने माझं निमूट ऐकलं, तरच बिशपचा चेहरा वाचणार होता. सर माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ते कळलं होतं.

“हो इद्रिस, मीच सांगितलं. माझी चूक झाली. आता नीट ऐका. आधी घोंगड्या बांधून वारा अडवा. ब्रश लावू नका, फुंकर मारू नका. कापड सैल सोडा. वाळू चाळून, ओंजळीने, खालून वर. फावडं नको.”

चाळीस मिनिटं मी त्याचा खोकला आणि वाळूची सरसर ऐकत होते. डावा गाल गेला. डोळे राहिले, कपाळ राहिलं. मला रडू फुटलं आणि त्या माणसासमोर फुटलं याचाच जास्त संताप आला.

सर टाइप करत होते. “रिपोर्टमध्ये घालतो,” ते म्हणाले. “भिंत आश्लेषाच्या सूचनेवरून उघडली. तूच कबूल केलंस, मी काही म्हणालो नाही.”

“हरामखोर आहात तुम्ही,” मी म्हणाले. त्यांना सर म्हणून हाक मारायचं त्या दिवसापासून सोडलं.

“डॉक्टर?” इद्रिसने हाक मारली. मराठीतली शिवी त्याला कळली नव्हती, माझं रडणं कळलं होतं. “शेवटची ओंजळ टाकली. रडू नका. चूक कोणाची होत नाही?” मग त्याने आवाज अगदी खाली आणला. “प्रल्हाद साहेबांना मी यातलं काही कळू देणार नाही. त्यांना कळलं तर ते तुम्हाला कामावरून काढतील.”

स्पीकर चालूच होता. सरांची बोटं थांबली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि पुढची ओळ टाइप करायला घेतली.