ऑक्टोबरचा तिसरा आठवडा

लॉबीत शिरताच गरम बिस्किटांचा, व्हॅनिलाचा वास आला आणि लोर्नाने नाकाला रुमाल लावला. ब्रॅन्सन या पर्यटनाच्या गावातल्या या रिसॉर्टमध्ये बावीस वर्षं हाच वास होता.

तिच्या वडिलांनी, व्हर्जिल प्रुइटनी, पोस्टमन असताना फुकट नाश्ता आणि शोची दोन तिकिटं यांच्या मोहात इथला एक टाइमशेअर, म्हणजे खोलीतला वाटा, घेतला होता. वर्षातला एकच आठवडा, ऑक्टोबरचा तिसरा, पण कायमचा. "ही गुंतवणूक आहे, पोरांनो," ते म्हणायचे. देखभालीची फी दरवर्षी चढत गेली. शेवटी त्यांनी तो एक डॉलरला विकायला काढला, तरी कुत्रंही फिरकलं नाही. मार्चमध्ये ते गेले. वकिलाने दोघा बहीणभावांना बजावलं होतं, हा वारसा 'नको' असं लिहून द्या, आणि तोवर तिथे राहू नका, सही करू नका, नाहीतर ती फी तुमच्या गळ्यात पडेल.

मग रिसॉर्टकडून सांत्वनाचं कार्ड आलं. 'व्हर्जिल यांच्या आठवणीत, त्यांचा आठवडा, यंदा आमच्यातर्फे मोफत.' सोबत फळांची टोपली. धाकटा भाऊ वेंडेल विरघळला आणि लेकीला, आठ वर्षांच्या मेसीला, घेऊन निघाला. लोर्ना वडिलांच्या राखेचा डबा घेऊन सोबत आली. राख इथल्या तळ्यात सोडायची होती, आणि भावावर लक्ष ठेवायचं होतं.

काउंटरवर वेंडेलच्या हातात पेन होतं.

"फक्त मुक्कामाची नोंद आहे, मॅडम," केंड्रा नावाची मुलगी म्हणाली. छातीवर बिल्ला, डोळ्यांत हवं तेवढं पाणी. "व्हर्जिल आमचे लाडके होते."

लोर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची तिला सवय होती. तिने कागद ओढून घेतला. चौथ्या ओळीत होतं: वारस मालकी स्वीकारत आहे.

"मेलेल्या माणसाच्या नावाने गळ टाकता होय गं?" तिने शांतपणे विचारलं.

केंड्राचं हसू जागचं हललं नाही.

"असू दे ना लोर्ना," वेंडेल पुटपुटला. "वर्षातून याच एका आठवड्यात डॅडी ओरडायचे नाहीत. मी भरीन फी."

"तू भरशील. तुझ्यानंतर?"

वेंडेलने वळून पाहिलं. मेसी सोफ्यावर आजोबांची टोपी घालून पाय हलवत बसली होती.

त्याने पेन खाली ठेवलं. सही न करताच कागद केंड्राकडे सरकवला.

"निदान बिस्किटं तरी न्या," केंड्रा म्हणाली. आवाज अजून मधाळच.

लोर्नाने काउंटरवरच्या ताटलीला हात लावला नाही.

वेंडेलच्या गाडीतून तिघं हायवेवरच्या मोटेलकडे निघाली. राखेचा डबा मेसीच्या मांडीवर होता.

"ती बिस्किटं म्हणजे खोक्यातलं गोठवलेलं पीठ," लोर्ना म्हणाली. "आमच्या शाळेत येतं तेच. वासासाठी ओव्हनजवळ व्हॅनिला उकळत ठेवतात."

"कधीपासून माहीत होतं तुला?" वेंडेलने विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"मग डॅडींना का नाही सांगितलंस?"

लोर्नाने काच खाली केली. कपड्यांतला वास जाईना.

"तेव्हा ते हसत हसत चौथं बिस्किट खात होते रे," ती म्हणाली.